मन्मथचा फोन कामावर गेला

हजेरीचं ते अ‍ॅप बनवायला म्हणे कंपनीनं पुण्यात चाळीस इंजिनियर बसवले होते, तेही एसीत! आणि त्या चाळीस जणांना गुंडाळायला उदगीरचा एकटा मन्मथ पुरेसा होता. निदान शुक्रवारी संध्याकाळी तरी मन्मथचं असं पक्कं मत होतं. नांदेडच्या भाड्याच्या खोलीत आरशासमोर उभं राहून त्यानं ते स्वतःला दोनदा ऐकवलंसुद्धा.

मन्मथ फायनान्स कंपनीत होता. उदगिरात ‘पोरगा फायनान्सला हाय’ म्हटलं की लोक बसायला खुर्ची देतात. त्यांच्या डोळ्यासमोर टाय येतो, लॅपटॉप येतो. प्रत्यक्षात मन्मथकडं एक मोटारसायकल होती, पाठीला बॅग होती आणि लोहा तालुक्यातली बावीस गावं होती. सकाळी सहाला हजेरी, रात्री नऊला सुटका, आणि महिन्याला हातात तेवीस हजार. नेमणुकीच्या कागदावर पॅकेज बरंच फुगलेलं होतं, पण ते रुखवतासारखं. लांबून बघायचं, हात लावायचा नाही! एकदा त्याच्या बायकोनं, अंबिकानं, तासावारी हिशेब काढला आणि म्हणाली, “अहो, आपल्या गल्लीतला गवंडी तुमच्यापेक्षा ताशी जास्त घेतो. आणि पाचाला घरी येऊन लेकराला खांद्यावर घेतो.”

यातलं पहिलं वाक्य मन्मथला फार लागलं नाही. दुसरं लागलं.

कारण स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक द्यायची नाही, असा कंपनीचा नियम. म्हणून मन्मथ नांदेडला, आणि अंबिका, त्याची आई सिद्धम्मा आणि अडीच वर्षांची शिवानी उदगीरला. रजा मागायची सोय नव्हती. महिन्याच्या सुरुवातीला मागितली की शाखेचे मॅनेजर सिद्रामप्पा साहेब म्हणायचे, “आत्ताशी सुरुवात आहे, मन्मथ!” मध्यावर मागितली की, “आत्ता जोर लावायचा!” आणि अखेरीला तर ते नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट करायचे. सव्वातीन महिने झाले होते.

बरं, तेही त्यानं सोसलं असतं. पण बुधवारी अंबिका फोनवर हसत हसत म्हणाली, “आज शेजारच्या काकूंनी शिवानीला विचारलं, तुझा अप्पा कुठं असतो गं? तर म्हणली, फोनात राहतो!”

अंबिका हसली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं. त्या दिवशी मन्मथला भाकरी गेली नाही. आपल्याला पाय आहेत, आपण चालतो, आपल्याला घामाचा वास येतो, एवढं तरी लेकराला कळलंच पाहिजे! त्यानं ठरवलं, या शनिवारी दांडी.

आता युक्ती ऐका. अ‍ॅपला माणूस दिसत नसे, फोन दिसे. फोन गावात पोचून पाच मिनिटं थांबला की एक भेट जमा! शनिवारी कर्ज घेणाऱ्या बायकांच्या गटांच्या बैठका नसत, नुसतं गावोगाव फिरून नवे ग्राहक शोधायचे. म्हणजे मन्मथ आला नाही म्हणून कुणी रडणार नव्हतं. आणि त्याच बावीस गावांत रोज दुधाची गाडी घेऊन फिरायचा शेषेराव, त्याच्याच खोलीशेजारचा.

“म्हंजे मी काहीच करायचं न्हाई?” शेषेरावनं फोन उलटासुलटा करून पाहिला.

“काहीच न्हाई. सोबत ठेवा. वाजला तरी उचलू नका, बंद करू नका.”

“दुधात पडला तर?”

“शेषेराव!”

“बिलकुल फिकीर करू नका साहेब. लेकराला भेटून या.”

सगळं ठरलं. एकच गोष्ट आमच्या हुशार गड्यानं विचारली नाही. दुधाची गाडी सकाळी निघते किती वाजता?

शनिवारी सहाच्या एसटीत मन्मथ खिडकीशी बसला. हात दर दोन मिनिटांनी खिशाकडं जाई आणि रिकामा परत येई. मुखेडपर्यंत त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मुखेडनंतर मात्र एकदम मोकळं वाटलं. शिवानी कशी धावत येईल, किती उंच उचलायची, सगळं त्यानं मनात तीनदा करून पाहिलं. एकदा तर शेजारच्या माणसाला कोपरच बसलं!

दहाला तो दारात उभा. हातात बालुशाहीचा पुडा आणि एक लाल भिंगरी.

“शिवानी! बघ कोण आलंय!”

शिवानी आली. थांबली. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं, आणि सिद्धम्माच्या पदरामागं जाऊन म्हणाली, “अव्वा, काका आला.”

काका! सव्वातीन महिन्यांत पोटच्या पोरीनं काका करून टाकलं!

“अगं, अप्पा हाय तो, तुझा अप्पा!” सिद्धम्मा म्हणाली.

“न्हाई! अप्पा फोनात.”

मन्मथनं भिंगरी दाखवली, शिवानीनं भिंगरी घेतली. बालुशाही दिली, तीही घेतली. तो उचलायला गेला तेव्हा मात्र असं भोकाड पसरलं की शेजारच्या काकू हातातलं लाटणं घेऊन धावत आल्या!

त्यात साडेदहा झाले. रोज या वेळेला मन्मथ माळाकोळीच्या हॉटेलात चहा घेता घेता व्हिडिओ कॉल करायचा. शिवानीला घड्याळ कळत नसलं तरी हे कळायचं. तिनं अंबिकाचा फोन आणला. “अप्पा लाव.” अंबिका म्हणाली, “हा काय समोर बसलाय.” शिवानीनं समोर बसलेल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अप्पाच्या फोटोवर तिनं स्वतःच बोट टेकवलं. आजकालची लेकरं बोलायच्या आधी हे शिकतात!

रिंग गेली. तिकडं शेषेरावनं वाजत्या फोनवर एवढ्याशा गोड लेकराचा फोटो पाहिला आणि सगळ्या सूचना विसरून फोन उचलला. पडद्यावर एक भलीमोठी पांढरी मिशी आली, आणि मिशीमागं एका म्हशीचं तोंड.

“काय गं बाळा!” मिशी म्हणाली.

शिवानीचा श्वासच अडकला. मग तिनं जी किंकाळी फोडली! अप्पाच्या घरात भलताच माणूस घुसला होता, आणि म्हैस घेऊन घुसला होता! “माझा अप्पा कुठाय? अप्पाला बाहेर काढलं!”

“शेषेराव, उचलू नका म्हणलो होतो ना!” मन्मथ मागून ओरडला.

“साहेब, काय करू, फोन लई वाजून राहिलाय! सिद्रामप्पा साहेबांचे नऊ फोन येऊन गेले. मी उचलले न्हाईत हो. पहाटेपासून फिरून राहिलो...”

“कितीपासून?”

“साडेचारला निघतो ना आम्ही. बावीस गावं झाली समदी, आता दुसरी फेरी.”

साडेचार! अ‍ॅपमध्ये मन्मथ साडेचारला कामाला लागलेला! पण शिवानी रडून रडून निळी पडायला आली होती. नोकरीचं काय ते मागाहून बघू. तो उठला, शेषेरावचा कॉल कापला, आईचा फोन घेतला, मागच्या स्वयंपाकघरात गेला, दार लोटलं, आणि अंबिकाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला.

“अप्पा!”

काय तो आवाज! रडं जागच्या जागी बंद. एकशे दहा किलोमीटर येऊन मन्मथ स्वतःच्याच घरात पिठाच्या डब्याशेजारी उभा राहून लेकीशी फोनवर बोलत होता. हसावं की रडावं? त्यानं दोन्ही केलं.

“अप्पा, आपल्या घरी एक काका आलाय.”

“हो? कसा हाय?”

शिवानीनं विचार केला. “खाऊ आणला. पण लई बघतो.”

“मग त्याला जा म्हणू का?”

“बस म्हण.” मग ती फोनच्या अगदी जवळ आली, नुसते दोन डोळे दिसायला लागले. “अप्पा, तू ये ना.”

भेटायची ओढ काय असते ते मन्मथला माहीत होतं. पण ती एवढ्याशा जीवालाही असते, हे त्याला आज कळलं. पगार, टार्गेट, प्रमोशन, सगळं त्याला त्या घडीला भाजलेल्या पापडापेक्षा हलकं वाटलं.

“येतो. आत्ता येतो. तू बघत राहा हां.” त्यानं फोन फिरवला. “हे काय हाय?”

“आपली चूल!”

“हे?”

“अव्वाची बरणी!”

“आता मी चालून राहिलो. हे दार आलं बघ. उघडू?”

“उघड!”

फोनातलं दार उघडलं. समोरचंही उघडलं. शिवानीनं फोनकडं पाहिलं, समोर पाहिलं, परत फोनकडं पाहिलं. मन्मथ खाली बसला. हलला नाही, बोलला नाही. ती आली, एक बोट पुढं केलं आणि त्याच्या नाकाला लावलं. नाक गरम होतं. मग दोन्ही हातांनी गालफडं दाबून पाहिली, आणि मांडीवर चढून बसली, जशी काही रोजच बसत होती. अंबिका डोळ्याला पदर लावून बोलली, “आता सोडणार न्हाई बघा तुम्हाला.”

तेवढ्यात अंबिकाचा फोन वाजला. सिद्रामप्पा साहेब! घरचा नंबर म्हणून कंपनीत तोच दिला होता.

“वहिनी, मन्मथचा फोन लागतो पण उचलत नाही! तुम्हाला काही...”

“साहेब, मीच बोलतोय,” मन्मथ म्हणाला.

“शाब्बास रे पठ्ठ्या! साडेचारला सुरुवात? दहाच्या आत बावीस गावं? अरे, पुण्याहून मोठ्या साहेबांचा मला फोन! तुझं नाव सगळ्या मराठवाड्याच्या ग्रुपवर टाकलंय. आणि सोमवारपासून सगळ्यांनी साडेचारला निघायचं, तसा हुकूमच आलाय!”

मन्मथच्या डोळ्यासमोर शाखेतली नऊ माणसं अंधारात मोटारसायकलला किका मारताना उभी राहिली. पगार वाढला का, हे विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तरी उत्तर माहीत होतं, प्रमाणपत्र!

“हां साहेब” एवढं म्हटलं की भागलं असतं. पण मांडीवरून शिवानी फोनात ओरडली, “माझा अप्पा आलाय! खरा आलाय!”

आता ज्या पोरीनं नाक दाबून खात्री केली, तिच्यासमोर बाप खोटं कसं बोलणार?

“साहेब, मी उदगीरला हाय,” मन्मथ म्हणाला. “फोन दुधाच्या गाडीत फिरून राहिलाय. लेकरू मला ओळखत नव्हतं. चूक झाली. काढायचं तर काढा.”

अंबिकानं मन्मथचा दंड घट्ट धरला. सिद्धम्मानं देवाचं नाव घेतलं. मन्मथनं मनातल्या मनात गवंडीकाम शिकायला किती दिवस लागतील तेही पाहिलं.

“दुधाच्या गाडीत,” सिद्रामप्पा साहेब हळूच म्हणाले.

“हाव साहेब.”

“आणि त्याला कळत नाही? अ‍ॅपला?”

“न्हाई साहेब.”

मग साहेबांचा आवाज आला, पण तो ऑफिसातला नव्हता. गावाकडचा होता, आणि जरा ओलाही होता.

“मन्मथ, माझी मंडळी शिरूर अनंतपाळला असते, तुला माहीतच हाय. दिवाळीपासून मी गेलो न्हाई. मंगळवारी थोरल्याचा वाढदिवस हाय.” त्यांनी घसा साफ केला. “तुझ्या त्या शेषेरावला जरा विचारून बघतोस का? त्याच्या गाडीत अजून एक फोन मावंल का म्हणून?”