मागाच्या खोलीतला स्पीकर

मधुकररावांनी सुनेसाठी मॉनिटर आणला, तिथून सगळं सुरू झालं. मॉनिटर म्हणजे चांगला दांडगा होता. दुकानदाराने तो रिक्षात ठेवताना सांगितलंही, की काका, हा टीव्ही नाही. मधुकररावांना ते माहीत होतं. भंडाऱ्यात कोशाच्या रेशमी साड्या विकणारा आणि घरामागच्या खोलीत स्वतःचे माग चालवणारा माणूस इतका काही अडाणी नसतो.

कारण असं होतं, की सून स्वाती घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची आणि आता कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलवायचा घाट घातला होता. मुलगा संजीव जवळच्या जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत. बायको पुण्याला गेली तर तोही तिकडची बदली मागणार, हे त्याने जेवताना सहज सांगून टाकलं होतं. मधुकररावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. दोघं गेल्यावर एवढ्या घरात आपण आणि विमला, एकमेकांकडे बघत बसणार. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यात बघण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.) तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की घरातच ऑफिससारखी सोय करून द्यायची. मग कंपनी कशाला बोलावते?

मॉनिटर हॉलातल्या टेबलावर बसला, स्वाती खूश झाली. इथे थांबले असते तर ते मधुकरराव कसले. तिचं काम दुपारी संपतं, मग एवढी मोठी वस्तू उरलेला वेळ नुसती भिंतीकडे बघत राहणार? म्हणून दुकानाचा बिलं करायचा कॉम्प्युटर त्यालाच जोडला. मग स्वतःचा जुना कॉम्प्युटर, ज्यात जन्मभर जमवलेली गाणी आणि भजनं होती, तोच एकटा बाहेर राहिला, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून तोही जोडला. नागपूरहून एक डबी मागवली. तिला तीन वायरी आत आणि एक बाहेर. बटण दाबलं की ज्याची पाळी तो कॉम्प्युटर पडद्यावर. वायरी ओळखू याव्यात म्हणून कोष्ट्याच्या सवयीने त्यांना रंगीत धागे बांधले. लाल स्वातीचा, हिरवा दुकानाचा, पिवळा आपला. आठवडाभराने धूळ बसून तिन्ही धागे एकाच रंगाचे झाले, ती गोष्ट वेगळी.

राहता राहिला आवाज. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी विकायला काढलेला होम थिएटरचा रिसीव्हर मधुकररावांनी उचलून आणला. त्याची वायर मॉनिटरच्या मागे खोचली. त्याला स्पीकरच्या दोन जोड्या लागायच्या. एक जोडी हॉलात ठेवली. दुसरी थेट मागच्या खोलीत नेली, कारण मागावर बसणाऱ्याला गाणं लागतं. गाणं सुरू तर धोटा सुरू, गाणं बंद तर हात बंद आणि तोंड सुरू, हा त्या खोलीचा जुना शिरस्ता होता. नत्थू आणि डोमा हे दोघे विणकर तर रेडिओ बिघडला त्या दिवशी चहाला जायचे ते जेवूनच यायचे.

मधुकररावांचा समज असा, की गाणी आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, तेव्हा मागाच्या खोलीत जाणार ती आपलीच गाणी. पण रिसीव्हरला कोणाचं काय ठाऊक? पडद्यावर ज्याचं चित्र, त्याचा आवाज तो इमानाने दोन्हीकडे पोचवत होता.

स्वातीची मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती त्या सकाळी मधुकरराव मागाच्या खोलीत स्टुलावर चढून स्पीकरची वायर चिंधीने बांधत होते. तिकडे हॉलात स्वातीने डबीचं बटण दाबलं आणि इकडे चालू भजन मध्येच तुटलं. नत्थूचा हात थांबला. पाठोपाठ डोमाचाही. आणि स्पीकरमधून पुण्याचा स्वच्छ आवाज आला, "बोला मॅडम. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी इकडे यायचं आहे. खरीच अडचण असेल तरच सूट."

मधुकरराव स्टुलावरच थिजले. स्वातीचं बोलणं अर्थात ऐकू येत नव्हतं. ते माइकमधून सरळ पुण्याला जात होतं. येत होता तो फक्त साहेब.

"सासरे? त्यांचं काय?"

खोली शांत.

"एकटं सोडता येत नाही? कधीपासून?"

पुन्हा शांत.

"अरेरे. आणि सासूबाईंनाही आवरत नाहीत म्हणता."

नत्थूने मालकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मालक, तुमाले काय होऊन राहिलं? सकाळी तर तर्री-पोहे खाऊन राहिले होते."

मधुकररावांचे डोळे भरून आले होते. ही पोरगी आपल्यासाठी साहेबाशी खोटं बोलत होती. आपल्याला आजारी ठरवून ती भंडाऱ्यात राहू पाहत होती. पोटच्या पोराला जे सुचलं नाही ते हिला सुचलं. त्या क्षणी तिने मॉनिटरच काय, अख्खं दुकान मागितलं असतं तरी त्यांनी देऊन टाकलं असतं.

इतक्यात साहेब म्हणाले, "हरकत नसेल तर त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू का?"

संपलं. आता ती पकडली जाणार. मधुकररावांनी स्टुलावरून उडी मारली, खुंटीवरचं घोंगडं अंगावर ओढलं आणि दोघांना सांगितलं, की मले धरा आणि सावकाश चालवा. नत्थूने एक बाजू धरली, डोमाने दुसरी. स्वयंपाकघरावरून जाताना ती वरात विमलाबाईंना दिसली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या हातातला चिरलेला कांदा घेऊन तशाच मागे धावल्या आणि हॉलात पोचेपर्यंत तो नवऱ्याच्या नाकाला लावूनही झाला.

स्वातीने मागे वळून पाहिलं आणि तिचा हात कपाळावर गेला. मॉनिटरवर साहेब होते. मधुकरराव खुर्चीत कोसळले, खोकले, आणि कांद्याने खरोखरच वाहू लागलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "नमस्कार साहेब. ही आहे म्हणून मी आहे."

साहेब कॅमेऱ्याजवळ झुकले. मग म्हणाले, "काका, काय होतंय तुम्हाला? मॅडम तर आत्ता म्हणाल्या, की तुमची तब्येत ठणठणीत आहे. तीच अडचण आहे."

मधुकररावांचा खोकला जागच्या जागी बरा झाला.

तेव्हा उलगडा झाला. स्वाती खोटं बोललीच नव्हती. तिने सरळ सांगितलं होतं, की सासऱ्यांना घरात एकटं सोडलं की ते दिसेल ती वस्तू दुसऱ्या वस्तूला जोडतात. मागे एकदा पाण्याची मोटर दारावरच्या घंटीला जोडून ठेवली होती आणि पाहुणा आला की टाकी भरायची. तिचं म्हणणं इतकंच होतं, की ती घरात असली की निदान मेन स्विच बंद करायला कोणीतरी असतं.

"पण मी बोलावलं हे काकांना कळलं कसं?" साहेबांनी विचारलं.

"आमाले समदं ऐकू येऊन राहिलं ना साहेब," नत्थू मोठ्या अभिमानाने म्हणाला. "मालकाईनं मागाच्या खोलीत तुमची लाइन देली आहे. लय साफ आवाज आहे तुमचा."

स्वातीने डोळे मिटले. कंपनीची खाजगी मीटिंग दोन विणकर ऐकत होते, आता नोकरीही गेली, असंच तिला वाटलं असणार. साहेबांनी आधी ती लाइन बंद करायला सांगितली. मधुकररावांनी टेबलाखाली शिरून एक वायर ओढली, तर दुकानाचा कॉम्प्युटर बंद पडला. दुसरी ओढली, तर पंखा थांबला. साहेब ते सगळं बघत होते. तिसऱ्या वायरीला मधुकररावांनी हात घातला तेव्हा साहेबच घाईने म्हणाले, "राहू द्या काका. मॅडम, तुमची अडचण मला पटली. तुम्ही तिकडेच थांबा. तुम्हाला इकडे बोलावलं आणि तिकडे काही झालं, तर ते माझ्या डोक्यावर नको."

मधुकररावांना आनंद झाला आणि तो कुठे ठेवावा हे कळेना. पोरं राहणार होती. विमलाबाईंना मात्र वेगळाच आनंद झाला होता. या माणसाला एकटं सोडू नये, हेच त्या लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या आणि कोणी ऐकत नव्हतं. आता पुण्याच्या साहेबानं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी ते शेजारीपाजारी जाऊन सांगितलं. संध्याकाळी संजीव फॅक्टरीच्या बसमधून उतरला तेव्हा चौकातच त्याला वडिलांच्या प्रकृतीबद्दल विचारणा झाली.

दुसऱ्या दिवशी स्वातीला बँकेत जायचं होतं. मधुकरराव म्हणाले, की जा बिनधास्त, मी आहे ना घरी. ती हो म्हणाली आणि त्यांना घेऊन मागच्या खोलीत आली.

"नत्थूकाका, मी येईपर्यंत मामाजींकडे लक्ष ठेवा."

नत्थूने धोटा न थांबवता समोरच्या पाटाकडे मानेने खूण केली. "बसा मालक. वहिनी येईपर्यंत हात मांडीवर."

मधुकररावांनी हात मांडीवर ठेवले.