आधीचा फोटो

आमच्या महापालिकेच्या विभाग कार्यालयात लोकसहभाग जमवावा तर जोतीरामनेच! हे माझं मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. एकदा वृक्षारोपणाला एकही नागरिक फिरकला नाही, तेव्हा मी समोरच्या बसथांब्यावरची रांगच्या रांग उचलून आणली होती. "रोप लावल्याशिवाय बस सुटणार नाही," एवढंच म्हणालो. अठरा नागरिक, अठरा रोपं! रोपांचं पुढे काय झालं ते विचारू नका. फोटोत ती अजून हिरवीगार आहेत.

तर गेल्या फेब्रुवारीत आमच्या विभाग अधिकारी संघमित्रा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. 'लोकसहभाग पंधरवडा' चालू होता. नागरिकांच्या मदतीने एका घाणेरड्या जागेचा कायापालट करायचा आणि 'आधीचा' नि 'नंतरचा' असे दोन फोटो ॲपवर टाकायचे, अशी सगळ्या विभागांची स्पर्धा होती. पंधरवड्याचे चौदा दिवस आमचे बैठकांत गेले होते.

"जोतीराम, उद्या पाचला ॲप बंद होतंय. आपली पाटी कोरी!"

"पहिला नंबर आपला, मॅडम!"

"जागा कोणती?"

"ते माझ्यावर सोडा!"

मॅडमनी सोडलं. इथेच सगळं बिघडलं.

घाणेरड्या जागांना आपल्याकडे तोटा नाही, पण खरी घाण एका दिवसात निघत नाही, ही तिची मोठी खोड! नाला उपसायचा तर तीन महिने, डेब्रिज हलवायचं तर टेंडर. एका दिवसात चकाचक होईल अशी जागा एकच, जी मुळातच चकाचक आहे ती! तिथे कचरा न्यायचा, फोटो काढायचा, कचरा उचलायचा, परत फोटो काढायचा. हे सुचलं तेव्हा मला माझाच हेवा वाटला.

आमच्या विभागातली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे खाडीकाठी, कोळीवाड्याच्या मागे असलेलं चांगुणाबाईंचं खळं. त्या तिथे जवळा वाळवत. जवळा जमिनीवर पसरायचा, म्हणून सत्तरीतली ही बाई रोज सकाळी जमीन अशी झाडायची की तिथे पत्रावळीशिवाय जेवायला बसावं. त्यांची सासूही तिथेच वाळवायची. कागद मात्र एकही नाही. 'ही आमची सुकवणीची जागा, अशी नोंद करून द्यावी' हा त्यांचा अर्ज तीन वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. त्या दर महिन्याला विचारायला येत आणि येताना जवळ्याची पुडी आणत. मी साताऱ्याकडचा, मला सुकट नवी नाही, पण त्यांचा जवळा खाल्ल्यापासून गावाकडच्या सुकटीला नाव ठेवायला लागलो होतो. ही लाच नव्हे, असं मी बायकोला, उज्वलाला, दर वेळी सांगायचो. ती भाकरी थापत राहायची.

दुसऱ्या दिवशी दहालाच खळ्यावर पोचलो.

"मावशी, फक्त अर्धा तास! कचरा टाकतो, फोटो काढतो, उचलतो!"

"डोका फिरला का रं तुजा? सकालीच झारलंय मी. साफ जागा साफ कराला घान टाकतंस?"

"सरकारी काम असतं, मावशी. आणि तुमचा अर्ज उद्या मॅडमच्या टेबलावर! आईशप्पत!"

तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी पसरलेला जवळा दोन पाट्यांत भरला आणि कडेला ठेवला.

"आर्ध्या तासात जागा परत दे. मना दुपारी पसराचाय."

तेवढ्यात घंटागाडी आली. तिचा मुकादम गोटीराम डोकं खाजवत उतरला. "साहेब, सतरा वर्षं कचरा उचलतोय. टाकायला गाडी पहिल्यांदाच आणली!"

घाईत मी आधी स्वच्छ जागेचाच फोटो काढला. कोपऱ्यात झाडू घेऊन चांगुणाबाई उभ्या. ॲपने तो घेतलाच नाही. 'प्रथम आधीचा फोटो टाका' म्हणालं! मग गोटीरामने गाडी रिकामी केली. ओला, सुका, दोन्ही कचरा एकत्र! फोटो झकास आला. चढवला. टिंग! 'धन्यवाद. आपली तक्रार नोंदवली आहे.'

तक्रार? असेल काहीतरी, म्हटलं.

गोटीरामने फावडं उचललं आणि त्याचा फोन वाजला. विभागाच्या दुसऱ्या टोकाला कोणी बडे पाहुणे यायचे होते, सगळ्या गाड्या ताबडतोब तिकडे! "अर्ध्या तासात आलोच, साहेब!" म्हणत तो गेला. एक वाजला, दोन वाजले. चांगुणाबाई पाट्यांवर पदर धरून, माश्या हाकलत बसून राहिल्या.

कचऱ्याला मात्र पाय फुटले! आधी शेजारच्या सोसायटीचा वॉचमन फुटका कमोड घेऊन आला. मग एका टेम्पोने सोफा उतरवला. मग एक बाई गणपतीचं थर्माकोलचं मखर घेऊन आल्या.

"अहो ताई, इथे नका टाकू! हा कचरा खोटा आहे!" मी ओरडलो.

"मग हा खरा घ्या!" म्हणाल्या आणि गेल्या.

इतका लोकसहभाग मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

चारला गाडी आली, पण गोटीरामची नाही. अतिक्रमण पथकाची! दोन डंपर, एक जेसीबी. माझीच तक्रार ॲपवरून थेट त्यांच्याकडे गेली होती, 'मोकळ्या जागेवर कचरा व अनधिकृत वापर' म्हणून.

"जागेचा कागद आहे का?" पथकाच्या साहेबांनी विचारलं.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या खनात हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अर्ज... प्रलंबित आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मंजूर नाही. उचला सगळं!"

सगळं उचललं. कमोड, सोफा, मखर आणि जेसीबीच्या त्याच फावड्याने चांगुणाबाईंची ताडपत्री, जाळी, जवळ्याच्या दोन्ही पाट्या. चांगुणाबाई जेसीबीच्या मागे धावल्या. "आरं, तो कचरा नाय! तो माजा जवला हाय!" मीही दोन पावलं धावलो, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"जोतीराम, पाचला दहा कमी! नंतरचा फोटो!"

जागा लखलखीत झाली होती. मला लाज वाटत होती. तरी फोटो चांगला आला.

पहिला नंबर आमचा! खळ्याला कुंपण घातलं, रंगीत अक्षरांचा सेल्फी पॉइंट उभा राहिला. शपथ घेतली होती, म्हणून अर्जही मी मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी ॲप उघडलं आणि शेरा मारला, 'सदर जागेवर कचरा टाकला जात असल्याचे छायाचित्र उपलब्ध. अर्ज नामंजूर.'

"मॅडम, तो फोटो तर मीच..."

"माहीत आहे, जोतीराम. पण तो ॲपवर आहे."

त्या महिन्यातही चांगुणाबाई ऑफिसात आल्या. पुडी नव्हती. टेबलावर झाडू ठेवला. "ही धर. आता जागा तुजी हाय, तूच झार." मागे न बघता जिना उतरल्या. आता बाजारात त्या दुसऱ्यांची कोलंबी सोलून देतात. मी त्या बाजूने जात नाही. उज्वला जवळा दुकानातून आणते. त्यात रेती लागते, पण आमच्या घरात तक्रार करायची माझी हिंमत नाही.

यंदाचा पंधरवडा परवा सुरू झाला. सेल्फी पॉइंट झाडायला कोणाची नेमणूकच झालेली नाही. अक्षरांच्या मागे कमोड परत आलाय, मखरं तर तीन आहेत.

"जोतीराम, यंदा जागा कोणती?" मॅडमनी विचारलं.

"तीच, मॅडम."

आधीच्या फोटोसाठी यंदा गाडी न्यावी लागली नाही. नुसता गेलो आणि काढला. नंतरचा तर माझ्या फोनमध्ये वर्षभर तयार आहे, लखलखीत जमीन आणि कोपऱ्यात झाडू घेतलेल्या चांगुणाबाई. काल तीन वेळा चढवून पाहिला. ॲप घेत नाही. तारीख जुनी आहे म्हणतं!