पाचवा मुक्काम, मनखूल

स्टोअरकीपर देवऱ्यांकडे तुम्ही चार स्क्रू मागायला गेलात, तरी ते आधी तुमचा मुक्काम विचारत. "आज मुक्काम कुठं?" आता नोकरदार माणूस संध्याकाळी आपल्या घरी जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? पण तसं सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा. "मग काय मजा, भो," म्हणायचे आणि हिरमुसून स्क्रू मोजायला घ्यायचे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीचे डक्ट बनवणारी आमची कंपनी. मी एस्टिमेशनमध्ये, देवरे स्टोअरमध्ये. माणूस धुळ्याकडचा, पन्नाशीला आलेला, काटकुळा. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'भो' लावायचे. मला भो, पठाण ड्रायव्हरला भो, आमच्या सिंधी मॅनेजरसाहेबालाही भो.

देवऱ्यांच्या गावाहून दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी यात्रा जायची आणि त्यांची बायको त्यात चालायची. देवऱ्यांनाही चालायचं असे. पण कंपनी सुट्टी द्यायची दोन वर्षांतून एकदा, तीही भर जुलैत. चैत्र काही वाट्याला येईना. शेवटी या गृहस्थाने इथेच चालायला सुरुवात केली! तिकडे यात्रेच्या शेवटच्या टप्प्यात पाच मुक्काम: मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण आणि गडाच्या पायथ्याचं नांदुरी. इकडे देवऱ्यांचेही पाच: अजमान, रोला, अल नहदा, देरा आणि मनखूल. तिकडे ती गड चढणार, त्या सकाळी इकडे हे दुबईच्या खाडीपलीकडे, बर दुबईतल्या देवळात.

रोज ड्युटी सुटली की चालायचं, वाटेतल्या कुणा ओळखीच्या घरी पथारी टाकायची, सकाळी कंपनीच्या बसने कामावर. संध्याकाळी ड्रायव्हर गुल खानने त्यांना काल जिथे थांबले त्याच विजेच्या खांबापाशी सोडायचं. खांबावर खडूची खूण असे. एकदा गुल खानने दोन खांब पुढे सोडलं, तर हे तंगड्या तोडत मागे गेले. "यल्ला, चलो, दो खंबे में क्या फरक है?" तो ओरडला. "फरक है भो. वो दो खंबे कौन चलेगा, तू?"

पहिल्या वर्षी देऱ्याहून अब्र्यात, म्हणजे खाडीतल्या होडीत बसून पलीकडे आले. पण बसून आलं तर चालणं कुठे झालं? म्हणून बाकीचे बसलेले आणि हे होडीच्या मधोमध उभे राहून जागच्या जागी पाय उचलताहेत. होडीवाला "बैठो, बैठो!" म्हणून बोंबलत होता. हे स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगायचे. दुसऱ्या वर्षापासून मात्र ते लांबच्या पुलावरून वळसा घालून यायला लागले.

जानेवारी लागला की मुक्कामांची आखणी सुरू. त्यासाठी एक जाड रजिस्टर होतं. चालण्याचं त्यांना काही विशेष वाटत नसे. "चालतं कोणीबी, भो. मुक्काम जमला पाहिजे." आणि हे मुक्काम जमवताना त्यांची तऱ्हा अशी की आम्ही कपाळावर हात मारायचो. रोल्यातल्या साठ्यांचा तीन बेडरूमचा फ्लॅट, साठेवहिनींच्या हाताला चव, तरी तो बाद. का, तर "त्यांचा फोन सारखा एंगेज असतो." त्याऐवजी पसंती कुणाला? एका गॅरेजमागच्या खोलीला. तिथे सहा प्लंबर राहायचे, आडवं व्हायला जागा नाही. पण फोन होता. घर मोठं की लहान, जेवण कसं, एसी आहे का, काही विचारायचे नाहीत. फोन आहे का, चालू आहे का, आणि संध्याकाळी मोकळा राहील का, एवढंच.

आम्ही ऑफिसातल्या शहाण्यांनी त्याचा अर्थ लगेच लावून टाकला. फुकटात इंडियाला फोन करायचे असणार, दुसरं काय! त्या काळी इंडियाच्या फोनचं बिल म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा. लंचला या विषयावर मी फार हशा पिकवायचो. देवऱ्यांची नक्कल मला बरी जमायची.

त्या वर्षी त्यांच्या पाचव्या मुक्कामाचे यजमान बदली होऊन अबू धाबीला, खलिफा सिटीत गेले. मनखूलमध्ये राहणारा दुसरा मराठी माणूस देवऱ्यांना एकच माहीत होता. तो म्हणजे मी.

"कर्णिकसाहेब, पाचवा मुक्काम तुमचा."

"अहो देवरे, माझ्या घरापासून देऊळ वीस मिनिटांवर. सरळ पुढे जाऊन मोकळे व्हा की."

"असं कसं? ती त्या रात्री नांदुरीला थांबणार. मी तिच्याआधी देवळात कसा जाऊ?" मग एकदम आवाज खाली आला. "यंदा ती आजारातून उठून चालतेय, भो. डॉक्टर नको म्हणला, पण ऐकती कुठं. पाचही मुक्काम नीट पार पडले म्हणजे मिळवलं. एकबी चुकायला नको."

मी "हो हो, या ना, इन्शाल्ला" म्हणून टाकलं. त्यांनी माझा फोन नंबर तीनदा विचारून घेतला. "हा एक आहे का सात? नीट काढा, भो." मग आखणीची एक प्रत त्यांनी रजिस्टर्ड पोस्टाने गावी पाठवली. त्याचंही आम्ही लंचला यथेच्छ हसं केलं.

घरी सांगितलं तर वसुधा, माझी बायको, म्हणाली, "येऊ देत बापडे. फोनला तेवढं कुलूप घालून ठेवा." आमची अकरा वर्षांची सई म्हणाली, "बट बाबा, व्हाय कान्ट ही टेक अ टॅक्सी?"

आणि देवरे येणार नेमकं त्याच गुरुवारी मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, "कर्णिक, आज शाम को भाभीजी के हाथ का मराठी खाना." एस्टिमेशनच्या हेडची जागा रिकामी होती. साहेब घरी जेवायला येणार याचा अर्थ सगळ्या ऑफिसला ठाऊक होता. आठवडाभरापूर्वीच मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते, "वो स्टोअर का पागल फिर से रोड पे निकला है क्या?" आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो.

देवरे येणार हे मी विसरलो, असं पुढे मी बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. मला चांगलं लक्षात होतं. त्या दिवशी स्टोअरमध्ये जाऊन "देवरे, आज जरा अडचण आहे" एवढंच सांगायचं होतं. तेही मला जमलं नाही. चालत येणारा माणूस, उशीर होईल, तोवर साहेब जातील, असं मनाशी म्हणत राहिलो.

साडेसातला बेल वाजली. साहेब सोफ्यावर ऐसपैस बसून कोथिंबीर वडी खात होते. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर देवरे. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, काखेत ते रजिस्टर. चपला आधीच काढून एका बाजूला नीट ठेवलेल्या.

"कौन है?" साहेबांनी विचारलं.

"कोई नहीं सर," मी म्हणालो. "सेल्समन है."

वसुधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. बेल पुन्हा वाजली, अगदी थोडीशी, बटणावर बोट टेकवल्यासारखी. मी हललो नाही. तेवढ्यात माझ्या पाठीमागे, दाराजवळच्या स्टुलावर, फोन वाजला. एकदा, दोनदा. मी हात पुढे करेपर्यंत बंद पडला. पुन्हा भिंगातून बघतो, तर देवऱ्यांनी डोळे मिटले होते आणि माझ्या बंद दाराला हात जोडले होते! मग त्यांनी चपला उचलल्या आणि अनवाणीच जिना उतरून गेले.

सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, दुसरं काहीही वाटलं नाही. आज सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर बिल्डिंगचा वॉचमन कुट्टी त्याच्या खोलीबाहेर चटई झटकत होता. "साब, आपका आदमी इधर सोया," तो म्हणाला. "बोला, ऊपर मेहमान हैं. सुबह नहाके मंदिर गया." मी "अच्छा अच्छा" करून दूध न घेताच वर आलो.

शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी ऑफिसात गेल्यागेल्या स्टोअर गाठलं. येताना गाडीत तीन सबबी तयार केल्या होत्या. एकीत सई आजारी होती.

"या साहेब, प्रसाद घ्या," देवरे म्हणाले. तोंडभर हसू. "पोचली, भो. नांदुरीला धडधाकट पोचली. आता गडाचं काही टेन्शन नव्हतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आता घ्या! तुमच्याच घरी तर कळलं."

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. डावीकडे तिचे मुक्काम, उजवीकडे त्यांचे, आणि मध्ये प्रत्येक घराचा फोन नंबर. पोस्टाने गेलेली प्रत यात्रेत तिच्या पिशवीत असायची. मुक्कामाला पोचली की ठरल्या वेळी गावातल्या बूथवर जायचं, त्या दिवसाचा नंबर लावायचा, दोन वेळा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. कुणी उचलायचा नाही. दोन रिंग म्हणजे पोचले, बरी आहे. सात वर्षं हे दोघं असे चालत होते. या माणसाने कुणाच्याही घरून इंडियाला एकही फोन केला नव्हता.

पानावरची शेवटची ओळ मी वाचली. 'नांदुरी. मनखूल. यजमान: कर्णिकसाहेब. शेरा: दोन रिंग. पोचली.'

यजमान म्हणून माझं नाव. कुट्टीचं नाही, माझं.

"तुमचा फोन खणखणीत आहे, भो," देवरे कौतुकाने म्हणाले. "दाराबाहेर स्वच्छ ऐकू येतो."

 फोन जर बाहेर स्वच्छ ऐकू येत होता, तर त्याआधी मी त्याच दाराशी उभा राहून जे बोललो, तेही ऐकू आलं असणार.

"देवरे, परवा मी..." मी सुरुवात केली. सईच्या आजारपणाची सबब तोंडाशी आली होती. ती बाहेर पडेना आणि खरंही बोलवेना.

"असू द्या हो. पाहुणे होते तुमच्याकडं," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटून कपाटात ठेवायला वळले. पाठमोरेच, जरा संकोचून त्यांनी विचारलं, "पुढल्या चैत्राला तुमचंच नाव लिहू ना? नाही, अडचण असंल तर तसं सांगा. दार नाही उघडलं तरी चालेल, भो. मी बाहेरच थांबेन. फोन तेवढा दाराजवळच राहू द्या."

मी होकाराची मान हलवली. हातातला प्रसादाचा शिरा तोंडात टाकला, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर फोनचं स्टूल दाराच्या आणखी जवळ सरकवलं.