काळजाला गोष्ट सांगणारे तात्या

आमचे हणमंततात्या कधी नमस्कार करत नसत. भेटेल त्याचं मनगट धरायचे, डोळे मिटून नाडी पाहायचे आणि भर रस्त्यात निकाल द्यायचे. मला, शाळामास्तरालाही, सोडत नसत, "गुरुजी, लय पळतीया. सकाळच्या पारी घरात वाजलं व्हय?" तात्यांची पिठाची गिरणी होती. त्यामुळे सत्तरच्या त्या दशकात आमच्या अख्ख्या गल्लीच्या मनगटांना पीठ लागलेलं असायचं.

तात्या संमोहन करायचे. वाईच्या जत्रेतल्या एका जादूगाराच्या मागे हिंडून ते शिकले होते. "हात हुकूम ऐकतोय. काळीज हुकूम ऐकत न्हाई, पर गोष्ट ऐकतंय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी मला गिरणीतल्या पोत्यावर बसवलं, हळू बोलत बोलत माझे डोळे जड केले आणि गोष्टीतच माझ्या मागे म्हैस सोडली. बसल्या जागी छातीत धडधड, अंगाला घाम! मग विहिरीच्या गार पायऱ्या उतरवल्या, तशी नाडी गाईसारखी गरीब झाली.

ही विद्या ते वापरायचे पलटणीच्या भरतीसाठी. आमची पोरं रानोमाळ पळतील, पण डॉक्टरने छातीला नळी लावली की भीतीनेच नाडी उधळायची आणि पोरगं घरी परत. तात्या त्यांना आधीपासून विहीर उतरायला शिकवायचे. "भ्यालेली नाडी माझी, आजारी नाडी डाक्टरची," असं बजावूनच. गल्लीतली किती पोरं वर्दीत गेली, हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

एके वर्षी त्यांच्याच दिलीपची पाळी आली. मीही सोबत गेलो. साताऱ्याला भरतीच्या फाटकाशी तात्यांनी गोष्ट सुरू केली, "पैली पायरी..." आणि पुन्हा पहिलीच पायरी; दुसरीवर काही जाईनात. दिलीपने बापाचं मनगट धरलं.

"तात्या, तुमीच डोळं मिटा. पानी गार हाय. दुसरी पायरी..."

तात्यांनी डोळे मिटले. दिलीप आत गेला तरी ते मिटलेलेच.

"ह्याच फाटकातनं मला माघारी धाडलं हुतं, गुरुजी. नाडीपायी," ते म्हणाले. "तवा गोष्ट सांगाय कुनी न्हवतं."

दुपारी दिलीप पास होऊन बाहेर आला. तात्यांनी सवयीने त्याचं मनगट धरलं. पण नाडी काही पाहिली नाही, नुसतं धरून उभे राहिले.