किटली डावीकडे, दोन मीटरवर

श्रवण मेळ्याच्या नियमावलीचं कलम तीन असं आहे: एका व्यक्तीने एका टेबलावर एका वेळी दहा मिनिटं ऐकावं. तेवढ्यात ऐकून झालं नाही, तर पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं. नियम योग्यच आहे. ज्याला रांगेचा कंटाळा येतो त्याने तोक्योत घराबाहेर पडूच नये.

मेळा नाकानोतल्या एका सभागृहाच्या तीन मजल्यांवर भरला होता. बासष्ट टेबलं, आणि प्रत्येक टेबलाशी कानावर हेडफोन चढवून डोळे मिटून बसलेली माणसं. इतकी माणसं एके ठिकाणी डोळे मिटून बसलेली मी त्याआधी फक्त बाबा गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशीच्या प्रार्थनेला पाहिली होती. तिथली निम्मी झोपली होती.

मला हेडफोन विकत घ्यायचा नव्हता. मला चार सेकंदं ऐकायची होती.

नोव्हेंबरात बाबांनी माझ्या फोनवर एक निरोप ठेवला होता, एक्केचाळीस सेकंदांचा. मी वॉर्ड कचेरीत कुटुंबनोंदणीच्या खिडकीवर बसते. निरोप आला तेव्हाही तिथेच होते. त्यात बाबा म्हणतात, "मी बोलतोय. गुरुवारी मोठ्या दवाखान्यात बोलावलंय, साडेनऊला." मग चिचिबू गावातल्या त्यांच्या घरासमोरून सिमेंटचा ट्रक जातो आणि चार सेकंदं ट्रकच बोलतो. मग पुन्हा बाबा: "पर्सिमनची फळं वाळत घातलीत. बरं, ठेवतो."

त्या चार सेकंदांत बाबांनी एक तर 'तू ये' म्हटलं असणार, नाहीतर 'येऊ नकोस'. मी गेले नाही. 'येऊ नकोस'च म्हटलं असणार, असं मी त्याच संध्याकाळी ठरवलं, आणि डिसेंबरात ते गेल्यावरही तो निर्णय कायम ठेवला. पण निर्णयाला पुरावा जोडलेला बरा, हे आमच्या खात्यात कोणीही सांगेल.

चौदा नंबरच्या टेबलावरच्या हेडफोनची किंमत अठ्ठेचाळीस लाख येन होती. पत्रकात लिहिलं होतं, 'आजवर ऐकूनही जे ऐकू आलं नाही, ते.' एवढ्या पैशांत चार सेकंदं ऐकू येणार नसतील, तर मग कशात येणार?

दीड तासाने माझा नंबर आला. टेबलामागे कंपनीचे तोगाशी साहेब उभे होते. स्वतःचं ध्वनिमुद्रण आणणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म होता. तो त्यांनीच भरायला घेतला.

"प्रकार?"

"निरोप आहे. वडिलांचा."

"पुरुषस्वर, साथीशिवाय," म्हणत त्यांनी खूण केली. "कलाकाराची संस्था?"

"जलपुरवठा खातं. निवृत्त."

"मुद्रण कुठे झालं?"

"चिचिबूला. स्वयंपाकघरात."

"नवीन स्टुडिओ दिसतोय," तोगाशी साहेब अदबीने म्हणाले. "आम्हाला अजून ऐकायचा योग आला नाही."

कलम सातप्रमाणे अनोळखी मुद्रण आधी कर्मचाऱ्याने ऐकायचं असतं. अचानक मोठा आवाज आला तर हेडफोनच्या आतला पडदा फाटू शकतो, आणि पडद्याची किंमत वेगळी. तोगाशी साहेबांनी हेडफोन चढवला. त्यांचे डोळे मिटले. मग भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. एकदा ऐकून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. मी घड्याळाकडे बघत उभी होते.

"बाई," त्यांनी शेवटी डोळे उघडले, "किटली!"

"काय झालं किटलीला?"

"डावीकडे आहे. दोन मीटरवर, किंचित मागे. झाकण सैल झालंय. आणि फरशी लाकडी आहे. अहो, पावलं वाजतात त्यांची!"

"आणि ट्रक जातो तेव्हा ते काय म्हणतात?"

"कोण?"

"माझे वडील."

तोगाशी साहेबांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बोलतात खरं काहीतरी," ते म्हणाले. "स्वर छान पुढे येतो." मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कमरेत वाकले. "आपली दहा मिनिटं झाली."

"मी कुठे ऐकलं अजून?"

"टेबल वापरात होतं ना. रांगेचा शेवट जिन्यापाशी आहे. पायरी जपून."

मी जिन्यापाशी पोचायच्या आत त्यांनी उसामी सरांना बोलावून घेतलं होतं. उसामी सर सव्वीस वर्षं एका मासिकात हेडफोन ऐकून काय वाटलं ते लिहितात. त्यांच्या एका विशेषणावर कंपन्या उठतात आणि बसतात. त्यांना रांग नसते. त्यांनी मला हाताने खुणावून परत बोलावलं.

"कवळी आहे," ते म्हणाले.

"कुणाला?"

"या गृहस्थांना. वरची. बसवून वर्षही झालेलं नाही. 'स' म्हणताना हवा निसटते, बघा."

"माझ्या वडिलांना कवळी नव्हती."

"होती," उसामी सर शांतपणे म्हणाले. "खालचे दात स्वतःचे. बाई, मी सव्वीस वर्षं ऐकतोय."

वर्षभरात मी आणि बाबा एका टेबलावर जेवलो नव्हतो, तेव्हा मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की ते बोलतात काय.

"शब्दांकडे मी लक्ष देत नाही," उसामी सर म्हणाले. "शब्द ऐकू यायला लागले की आवाज ऐकू येत नाही. नवशिक्यांची ही नेहमीची चूक."

दुपारी बारा वाजता दंडावर पट्ट्या बांधलेले आयोजन समितीचे तीन सदस्य आले. त्यांची अडचण जुनी होती. प्रत्येक कंपनी आपला हेडफोन ज्यावर खुलतो तेच गाणं वाजवते, त्यामुळे दरवर्षी तक्रारी येतात. बाबांच्या निरोपासाठी मात्र आजवर कोणीही हेडफोन बनवलेला नव्हता. यापेक्षा निःपक्षपाती मुद्रण मिळणं अवघड होतं. ते तत्काळ 'समान चाचणी-मुद्रण' म्हणून जाहीर करायचं ठरलं.

"फक्त कलाकाराची संमती हवी," अध्यक्ष म्हणाले.

"ते डिसेंबरात गेले."

तिघेही एकाच वेळी, एकाच कोनात वाकले आणि एकाच वेळी सरळ झाले. "मग वारसाची चालेल," अध्यक्ष म्हणाले.

"मला ऐकायला मिळेल ना पण?"

"अहो, म्हणजे काय! तुम्हाला नाही तर कोणाला?"

मी पर्समधून सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का काढला आणि उमटवला. लोकांचे कागद रोज तपासते मी. माझा तपासला नाही.

दोन वाजेपर्यंत बाबा बासष्ट टेबलांवर पोचले होते. तिन्ही मजल्यांवर लोक डोळे मिटून त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते.

"किटली ऐकलीस का रे?"

"किटली काय, ट्रकच्या आधी तो कप ठेवतो, ते ऐक. दोन कप आहेत."

"हट्! एकच आहे. दुसरी बशी."

"लाव पैज. दोन कप. दुसरा रिकामा."

"आमच्या वरच्या टेबलावर ये तू. तिथे म्हाताऱ्याचा श्वास काय मोकळा येतो! छातीत घरघर आहे, तीसुद्धा वेगळी काढता येते."

घरात माणूस एकच होतं. दुसऱ्या कपाचं मला काही सांगता आलं नसतं, आणि कोणी विचारलंही नाही.

साडेतीनला दुसऱ्या मजल्यावरच्या एका कंपनीने असं दाखवून दिलं, की बोलणारा माणूस किटलीच्या आड येतो. त्यांच्या यंत्रात तो बाजूला करायची सोय होती. बाबांना काढल्यावर खोली एकदम लख्ख झाली, म्हणे. त्या टेबलाची रांग जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली, आणि पारदर्शकतेचं पारितोषिक त्यांनाच मिळालं. उसामी सरांनी भाषणात सांगितलं, की माणूस निघून गेल्याशिवाय घर खऱ्या अर्थाने ऐकू येत नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते.

माझा नंबर दुसऱ्यांदा आला तेव्हा तोगाशी साहेबांचा चेहरा पडलेला होता.

"कलम एकोणीस," ते म्हणाले. "चाचणी-मुद्रणाशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीने ते ऐकू नये. निकाल दूषित होतो. आणि आपण वारस आहात. शिक्का आपलाच आहे."

"मी मुलगी आहे त्यांची."

"तेच तर."

"सकाळी या नियमाचं काही नव्हतं."

"सकाळी तो फक्त निरोप होता, बाई." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. ते समितीकडे गेले, वीस मिनिटांनी एक कागद घेऊन परत आले आणि मार्ग निघाल्याचं म्हणाले. कागदावर लिहिलं होतं, की खाली शिक्का उमटवणारी व्यक्ती ध्वनिमुद्रणातील व्यक्तीशी असलेलं आपलं नातं दहा मिनिटांपुरतं स्थगित करत आहे.

जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड, दत्तक. कुटुंबनोंदणीच्या खिडकीवर मला सतरा वर्षं झाली. कोणाचं मुलगीपण दहा मिनिटं थांबवता येत नाही, आणि असा कागद माझ्या खिडकीवर आला असता तर मी तो दोन्ही हातांनी, नम्रपणे परत केला असता. इथे मी फक्त तारीख बरोबर आहे का तेवढं पाहिलं आणि शिक्का मारला.

माझ्यापुढे एक जण होता. मी बाजूच्या खुर्चीवर बसले. शेजारी नेदाची आडनावाच्या एक काकू उभ्या होत्या. प्रत्येकाचं ऐकून झालं की हेडफोनच्या गाद्या औषधी पाण्याने पुसायच्या, हे त्यांचं काम. या हेडफोनची पाठ जाळीची, उघडी असते. आवाज जितका कानात जातो, जवळपास तितकाच बाहेर सांडतो. जाणकार याला मोकळेपणा म्हणतात.

"तुमचेच का हो ते?" काकूंनी तोंडावरच्या मास्कमागून विचारलं. "ट्रकवाले?"

"हो."

"छान बोलतात. माझा नवरा फोनवर नुसता खाकरतो. आपणच ओळखायचं काय ते." त्यांनी फडकं घडी करून उलटं केलं. "मग गेलात का?"

"कुठे?"

"गुरुवारी. 'या वेळी तू बरोबर असलीस तर बरं,' म्हणतात ना ते. दुपारपासून ऐकतेय मी. दर वेळी वाटतं, आता तरी पोरगी काहीतरी बोलेल."

"ट्रकमधून ऐकू आलं तुम्हाला?"

"ट्रकचं काय घेऊन बसलात! माझं घर हायवेवर आहे. ट्रक म्हणून थांबलं तर नवऱ्याशी बोलायचं कधी?" मग त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. "सांगा ना. गेलात का?"

"कचेरी होती."

"हं," नेदाची काकू म्हणाल्या, आणि पुढची गादी पुसायला लागल्या.

तोगाशी साहेबांनी हे ऐकलं होतं. "काकू, तुमच्याकडे ऐकायचा नंबर आहे का?"

"मला कुठला नंबर?"

"मग ऐकलंत कसं?"

"कान मिटता येत नाहीत हो साहेब. डोळ्यांसारखे असते तर मिटले असते, तुमच्यासारखे."

तोगाशी साहेबांनी नोंद केली: विनानंबर श्रवण, एक व्यक्ती, ग्राह्य धरू नये. नोंद मला वाचून दाखवली आणि काळजी करू नका म्हणाले. यातून काहीही सिद्ध होत नाही.

मग माझा नंबर पुकारला गेला. मी बसले. हेडफोन जड होता, गाद्या अजून ओल्या होत्या. बाबा एक्केचाळीस सेकंद बोलले. मग पुन्हा बोलले. दहा मिनिटांत ते चौदा वेळा बोलले. माझे डोळे मिटलेले होते. नातं स्थगित असल्यामुळे मला कसलाही त्रास झाला नाही.

बाहेर पडताना अभिप्रायाचा कागद भरावा लागतो, त्याशिवाय दाराशी पिशवी परत देत नाहीत. मी लिहिलं: 'किटली डावीकडे, दोन मीटरवर, किंचित मागे. झाकण सैल. फरशी लाकडी. कवळी वरची. कप दोन.' पुढच्या महिन्यात समितीची पुस्तिका घरी आली. त्रयस्थ श्रोत्याचा सर्वोत्तम अभिप्राय म्हणून तो पहिल्या पानावर छापला होता.

ही हकीकत मी आतापर्यंत अकरा जणांना सांगितली आहे. सात जणांनी हेडफोन कोणत्या कंपनीचा, ते विचारलं. तिघांनी किंमत खरंच एवढी आहे का, हे विचारलं. एकाने निरोपाची प्रत मागितली. बाबा त्या गुरुवारी साडेनऊला एकटेच गेले होते. तिथे त्यांना काय सांगण्यात आलं आणि ते ऐकून ते घरी कसे परतले, हे अजून कोणीही विचारलेलं नाही.

तुम्ही तर शेवटपर्यंत वाचलंत.