एकवीस स्थळे, पाच माणसे

मनुष्य विश्रांतीसाठी प्रवासाला जातो, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजलेला आहे. विश्रांती घरीही मिळते, आणि तिचे फोटो चांगले येत नाहीत. माणूस प्रवासाला जातो तो परत आल्यावर "तिथलं ते पाहिलंत का?" या प्रश्नाला मान ताठ ठेवून "हो" म्हणता यावे म्हणून. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, यांना हे फार लवकर उमगले, हे आमच्या कुटुंबाचे भाग्यच म्हणायचे.

भावोजी बॉयलर तपासणीच्या खात्यातून निवृत्त झाले. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो बॉयलर तपासले आणि एकाही बॉयलरपाशी सात मिनिटांहून जास्त वेळ घालवला नाही. (फुटले फक्त दोन, आणि तेही कागदोपत्री ठणठणीत होते.) हा सगळा अनुभव पणाला लावून त्यांनी बेटाच्या सहलीचा तक्ता तयार केला. पाच दिवस, एकवीस स्थळे, पाच माणसे: ते, ताई, मी, माझी बायको आणि आई. रकाने होते अनुक्रमांक, स्थळ, पोहोच, प्रस्थान, आणि शेवटी प्रत्येक माणसासाठी "आनंद: झाला / झाला नाही". वेळ वाचावा म्हणून हा शेवटचा रकाना ते सकाळीच भरून ठेवत.

तक्त्यात समुद्र नव्हता. यावर काही लोक नाक मुरडतील, म्हणून खुलासा करतो. बेटाला समुद्र चारी बाजूंनी असतो. जी गोष्ट सगळीकडेच आहे तिच्यासाठी वेगळा वेळ काढणे म्हणजे बॉयलर तपासायला जाऊन कारखान्याची भिंत बघत बसणे होय, असे भावोजींचे म्हणणे पडले. ते बिनतोड होते.

अडचण एवढीच की आई समुद्रासाठीच आली होती. आईचे वय शहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. घरून निघेपर्यंत तिने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. एकदा त्यात पाय बुडवून उभे राहायचे, बाकी मग काही दाखवा न दाखवा, असे ती निघताना बायकोला म्हणाली होती. पण जावयाला सांगणार कोण? जावई हा आमच्या घरात माणूस नसून ते एक पद आहे. पदाला आग्रह करून वाढायचे असते, सूचना करायची नसते. म्हणून ती मला हळूच विचारायची, "अरे, समुद्र कोणत्या दिवशी आहे?"

"बघतो," मी म्हणायचो. पाच दिवसांत हे मी नऊ वेळा म्हणालो. (बायकोने मोजले.)

पहिल्या दिवशी दीपगृह झाले. ते रंगकामासाठी बंद होते, पण बंद असल्याची पाटी आम्ही नीट वाचली, त्यामुळे ते धरले गेले. धबधब्याला पाणी नव्हते; खडकांवरून पाण्याची कल्पना आली. फुलपाखरांच्या बागेत आनंद ठरल्यापेक्षा दोन मिनिटे आधीच झाला. दुसऱ्या दिवशी कासवांचे संगोपन केंद्र. तिथले सर्वांत थोरले कासव एकशे दहा वर्षांचे होते आणि त्याला कसलीच घाई नव्हती. भावोजींनी त्याच्याकडे जरा नापसंतीने पाहिले. अनुक्रमांक अकरा होता "सूर्यास्त". तो वेळेत बसेना, म्हणून दुपारी चार वाजून दहा मिनिटांनीच उरकला. सूर्य बराच वर होता, पण दिशा बरोबर होती.

अनुक्रमांक तेरा, "झाडाखाली झोळीत पहुडणे", प्रत्येकी चार मिनिटे. आईला झोळीतून उतरवायलाच सहा लागली. ती भावोजींनी अनुक्रमांक चौदामधून, म्हणजे "निवांत बसणे" यातून वजा केली. निवांत बसणे हॉटेलच्या आवारात, गाड्या लावतात त्या जागेसमोर झाले. आम्ही ओळीने बसलो. भावोजी उभे होते, कारण वेळ कोणीतरी पाहायला हवी.

आई एका शब्दानेही कुरकुरली नाही. रोज सकाळी पायात चपला घालून सगळ्यांच्या आधी तयार असे.

पाचव्या दिवशी वीस स्थळे हाताखालून गेली होती. एकविसावे होते किनाऱ्यावरचा जुना टेहळणी मनोरा. तिथून थेट परतीचा रस्ता. पायऱ्या एकशे चौसष्ट.

"आई, तुम्ही गाडीत थांबा," भावोजी मायेने म्हणाले. "आम्ही वरून बघून तुम्हाला सगळं सांगतो."

"बरं, जावईबापू," आई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी बुटाची नाडी बांधू लागलो. (ती सुटलेली नव्हती.)

वर एक दुर्बीण होती. भावोजींनी प्रत्येकी एक मिनिट जाहीर केले आणि पहिला नंबर स्वतः लावला. मिनिट झाले, दोन झाली, चार झाली. एकतीस वर्षांत असे घडले नव्हते.

"एक म्हातारी आहे बघ पाण्यात," ते डोळा न काढता म्हणाले. "लुगडं भिजतंय, त्याची शुद्ध नाही. लाट आली की हसते. शेजारी एक माणूस तिच्या चपला धरून उभा आहे. काय मजेत आहे ही बाई! अशी माणसं बघितली की बरं वाटतं."

ताईने दुर्बिणीला डोळा लावला.

"अहो," ती म्हणाली, "ती आपली आई आहे. चपला गाडीवाल्याच्या हातात आहेत."

मला तेव्हा भावोजींचा राग आला. पण खरे सांगायचे तर स्वतःची जास्त लाज वाटली. गाडीवाल्याला तिने एकदाच विचारले असणार.

खाली आलो तेव्हा आई लुगड्याचा काठ पिळत होती. "रागावू नका हं, जावईबापू," ती म्हणाली. "तुमचा मनोरा माझा राहिला."

"हरकत नाही, आई," भावोजी मोठ्या मनाने म्हणाले. "पुढच्या वेळी."

त्यांनी तक्ता काढला. एकविसाव्या ओळीत आईपुढे सकाळीच लिहिलेले "झाला" खोडले आणि "झाला नाही" असे स्वच्छ अक्षरात लिहिले. एकूण निकाल: एकशे पाचपैकी एकशे चार. बॉयलरच्या खात्यातही इतका चांगला निकाल क्वचितच लागे.

आपण सुज्ञ आहात. तरीही वाचता वाचता आपण स्थळे मोजलीत, आणि एकविसापैकी आठच सांगितली, उरलेली तेरा कुठली, ही रुखरुख आपल्याला लागली आहे, हे मला ठाऊक आहे. भावोजी पूर्ण तक्ता आनंदाने पाठवतात. फक्त मागवताना आपल्या घरची माणसे किती ते कळवावे, आणि त्यांपैकी गाडीत कोण थांबणार, तेही.