तासाभराचा प्रवास

मुलीने पाठवलेलं विमानाचं तिकीट घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून वाचलं आणि ते भिंग डोळ्यावरून टपकन टेबलावर पडलं.

"अगं, ऐकलंस का? सकाळी नऊला सुटतं आणि दहाला पोचतं!"

"कधीच्या दहाला?" बायकोने आतून विचारलं.

"त्याच सकाळच्या! तारीख छापलीय इथे."

घड्याळजींचा चेहरा पडला. लग्न होऊन गेल्यापासून पोरगी फोनवर एकच पालुपद लावत होती, 'बाबा, फार लांब आहे हो, येणं जमत नाही.' आणि निघाली तासाभरावर! एवढ्या वेळात तर त्यांचं एक भिंतीवरचं घड्याळ साफ होऊन पुन्हा टांगलं जाई.

"जातो, चार शब्द सुनावतो आणि रात्री जेवायला घरी येतो."

"अहो, तिकडच्या वेळेत फरक असतो म्हणतात."

"वेळेत फरक पडला की लोक माझ्याकडे येतात. तू मला शिकवू नकोस."

विमान उडून तास झाला. घड्याळजी उठले, बॅग काढली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. ते पाहून मागचे गृहस्थ सवयीने उठले. त्यांच्या मागे त्यांची सासू उठली. "उठा, आलं वाटतं," म्हणत लोकांनी झोपलेल्यांना हलवलं आणि बघता बघता रांग पार शेपटापर्यंत गेली. शेवटी तर मध्ये कोण घुसलं यावरून जुंपलीसुद्धा.

हवाई सुंदरी धावत आली. "काका, बसा! खाली समुद्र आहे!"

"मग जरा बाजूला घ्यायला सांगा."

"अजून तेरा तास आहेत, काका."

"अहो, दहाला पोचायचंय ना?"

"हो. दहालाच पोचणार."

घड्याळजी मटकन खाली बसले. बाकीचेही कुरकुरत जागेवर गेले. फक्त सासूबाई हलेनात. "नंबर गेला तर कोण देणार?" म्हणून त्यांनी जेवणही उभ्यानेच उरकलं.

विमान उतरलं तेव्हा विमानतळाच्या भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे दहा वाजले होते आणि घड्याळजींच्या मनगटावर रात्रीचे अकरा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपलं घड्याळ शंकेने कानाला लावलं. टिकटिक चोख होती. कंबर मात्र पार बंद पडली होती.

"बाबा!" मुलगी धावत येऊन गळ्यात पडली. मागून जावईबापूंनी अदबीने बॅग घेतली. सुनावायचे चार शब्द घड्याळजींच्या ओठावर आले, पण आधी परतीचं पाहावं म्हणून ते म्हणाले, "माझं जायचं तिकीट बघू."

मुलीने मोबाइल पुढे केला. शनिवारी रात्री निघणं, सोमवारी पहाटे पोचणं. घड्याळजींनी भिंग लावून पुन्हा वाचलं. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे इकडून तिकडे यायला खरंच इतका वेळ लागतो! आणि मी वेडा तुझ्यावर रुसून बसलो."

"जाऊ द्या हो, बाबा," मुलीनेही डोळे पुसले. "मला यावंसं खूप वाटतं, पण…"

"नाही नाही, आता तू अजिबात दगदग करायची नाहीस," घड्याळजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला काय, तासाभराचं काम. दर रविवारी मीच येत जाईन."

जावईबापूंच्या हातातली बॅग सुटली आणि थेट त्यांच्याच पायावर पडली.